वारा विचारून लावलेली झाडं

आमच्या माण तालुक्यात झाड मेलं की लोक पावसाला बोल लावतात. मी जागेला लावते. तीस वर्षं एका कृषी महाविद्यालयाची रोपवाटिका सांभाळली, निवृत्तीनंतर घरामागच्या मुरमाड पडीवर स्वतःची सुरू केली, आणि एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली: वाईट झाड असं काही नसतं, चुकीच्या जागी लावलेलं झाड असतं. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला सुजाता मोरे यांचा फोन आला, तेव्हा मी फार विचार न करता सांगून टाकलं, की येते आणि आठवडाभरात काय लावायचं ते ठरवून देते.

सुजाताबाई दिवेआगरच्या पुढे, समुद्रालगतच्या एका लहान गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. साताऱ्याला एका शिबिरात त्यांनी माझं देशी झाडांवरचं बोलणं ऐकलं होतं आणि माझा नंबर जपून ठेवला होता. त्यांच्या शाळेला दीड एकर जागा आहे. वीस सालच्या चक्रीवादळात शाळेचं छप्पर उडालं, अंगणातला गुलमोहर थेट तिसरीच्या वर्गावर पडला. शाळा बंद होती म्हणून कुणी सापडलं नाही. समुद्र आणि वर्ग यांच्यामधली सुरूची जुनी रांगही तेव्हाच गेली. तेव्हापासून दुपारचा वारा सुटला की वाळू फळ्यापर्यंत येते, आणि मुलं उकाड्यात खिडक्या लावून बसतात.

त्या पुढच्या पट्टीवर तीनदा झाडं लावून झाली होती आणि तिन्ही वेळा गेली होती. आता ग्रामपंचायतीत बोलणं चाललं होतं, की यंदाही काही जगलं नाही तर ती पट्टी पर्यटकांच्या गाड्या लावायला द्यायची. चौथी खेप वाया गेली तर पाचवी मिळणार नाही, असं सुजाताबाई फोनवर म्हणाल्या. आवाजात रडगाणं नव्हतं. मला ते आवडलं.

उरण

दक्षिणेला जाण्याआधी मी मुद्दाम उत्तरेला उरणला उतरले. तिथे माझी मावसबहीण राहते हे एक कारण. दुसरं असं, की खाऱ्या जमिनीतली झाडं बघायची तर मिठागरासारखी शाळा नाही.

बहिणीच्या घरासमोरच्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनरचे ट्रक जात असतात. त्या रस्त्यावरून पाच मिनिटं आत चाललं की आवाज मागे पडतो आणि मिठाची चौकोनी आगरं सुरू होतात. बाळाराम नाना नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ आम्हाला बांधावरून फिरवायला आले. सारी हयात मिठागरात गेलेली. पायांची कातडी पांढरट, चामड्यासारखी जाड झालेली.

आमच्याकडे बांध घालतात तो पाणी आत अडवायला. इथे तो पाणी बाहेर अडवायला घातलेला. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसायला मला अर्धा तास लागला, कारण माझी सगळी विद्या पाणी कसं टिकवावं याची होती, कसं टाळावं याची नव्हती.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांची, म्हणजे खारफुटीची दाटी होती. त्यांना हात लावायचं काहीच कारण नव्हतं, ती समुद्राने लावलेली झाडं. माझं लक्ष बांधाच्या माथ्यावरच्या एका झुडपाकडे गेलं. फांद्या लोंबत्या, पानं जाडसर, पोपटी. पुस्तकात त्याला पिलू म्हणतात, कोकणात खाकण, आणि मुसलमान मंडळी त्याच्या काडीने दात घासतात म्हणून मिसवाक. मी एक पान चावून बघितलं. मोहरीसारखं झणझणलं.

"यो झार खारं पानी पितं न् हिरवंगार ऱ्हातं," नाना म्हणाले. "गोरं पानी दिलाव तर रुसतं."

गोरं पाणी म्हणजे गोड पाणी. त्यांच्या आगरी बोलीत ड चा र होतो, हे बहिणीने हळूच सांगितलं. रुसण्याचा भाग काही खरा नाही, खाकण गोड्या पाण्यावरही वाढते. पण मी वाद घातला नाही. ज्या माणसाने साठ वर्षं एक झुडूप रोज बघितलंय त्याला एवढी सूट असावी. नानांनी झुडपाखाली उगवलेली बोट-बोटभर उंचीची रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढून दिली, ओल्या गोणपाटात बांधली, आणि मुळांना वारा लागू देऊ नका म्हणून दोनदा बजावलं. रोपवाटिकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी असं बजावलं तर मी एरवी चिडते. त्यांच्यावर चिडता आलं नाही.

दिवेआगर

दिवेआगरात मी एका वाडीतल्या घरी उतरले. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग आणि तिच्या मधोमध घर. सकाळी पाटाचं पाणी सुपारीच्या बुंध्यांमधून खेळत होतं आणि मी ओट्यावर बसून हिशेब करत होते, की एवढ्या पाण्यात माझ्या गावची किती झाडं जगली असती. मग तो नाद सोडला. पाहुण्याने यजमानाच्या पाण्याकडे असं बघू नये.

न्याहारीला तांदळाची घावनं आणि नारळाचा रस. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, जेवलात का. इथे पहिला प्रश्न, मासे खाता का. मी खाते म्हटल्यावर घरातल्या बाईंचा चेहरा उजळला आणि दुपारी सोड्यांची खिचडी झाली. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. ती खाल्ल्यावर मला वाटलं, आपण दुष्काळी लोक सुकवणं म्हणजे कुरडया-पापड एवढंच समजतो.

घरमालक वाडी दाखवायला निघाले तेव्हा मी त्यांना एकच विचारलं: वादळात काय पडलं ते नको, काय उभं राहिलं ते दाखवा. ते सरळ आपल्या वाडीबाहेर पडले. मग मला शेजारच्या वाडीत घेऊन गेले.

शेजारच्या वाडीच्या समुद्राकडच्या कडेला जुनी झाडं दाटीने उभी होती. उंडी, बकुळ, दोन सुरंगी, आणि त्यांच्या पायाशी पारोशा भेंडीची रांग, तिची ती पिवळी फुलं संध्याकाळी लाल पडून गळणारी. उंडीचे बुंधे जमिनीशी वाकडे होऊन मग वर गेलेले, पानं जाड आणि चकचकीत, वाऱ्याने न फाटणारी. त्यांच्या आडोशाच्या सुपाऱ्या बऱ्याचशा वाचल्या होत्या. आमच्या यजमानांच्या वाडीत मात्र जुनी सुपारी जवळजवळ उरली नव्हती, सगळी लागवड पाच-सहा वर्षांची.

"आमच्याही कडेला होत्या उंड्या," ते म्हणाले. "आजोबांनी लावलेल्या. पाहुण्यांना खोलीतून समुद्र दिसायला हवा म्हणून मीच तोडल्या. वादळाच्या आधी दोन वर्षं."

एवढं बोलून ते परत फिरले. मी मागून जाताना त्यांनी नव्याने लावलेली उंडीची रोपं बघितली, गुडघ्याएवढी, प्रत्येकाला नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केलेला. उंडी सावकाश वाढते. त्यांच्या हयातीत ती वारा अडवेल की नाही सांगता येत नाही. पण ती लावली होती आणि निगा ठेवली होती, हे मी नोंदवून ठेवलं.

त्याच दुपारी एक फजिती झाली. नानांनी दिलेलं गोणपाट मी अंगणात सावलीला ठेवून झोपले. उठून बघते तर वाडीतली शेळी निवांत रवंथ करत बसलेली आणि गोणपाटातली निम्मी रोपं गायब. खाकणीचा पाला शेळ्यांना भलताच आवडतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी ते अंगणात ठेवलं. घरातल्या बाई हसू दाबत होत्या. मी उरलेली रोपं उचलून खोलीत नेली आणि वहीत लिहिलं, शाळेच्या यादीतल्या प्रत्येक झाडापुढे शेळी खाते की नाही ते लिहायचं.

शाळेची जागा

सुजाताबाई मला न्यायला स्कूटर घेऊन आल्या. पन्नाशीच्या, ताठ, पदर खोचलेला. बोलणं थोडं आणि नेमकं. त्यांचे वडील एसटीत वाहक होते आणि आई शेतमजूर. बौद्धवाडीतून शिकून शिक्षक झालेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक, आणि आता आपल्याच गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका.

दीड एकराची जागा, पण ती एक जागा नव्हतीच. तीन होत्या. समुद्राच्या बाजूला वाळूची लांबट पट्टी, तिलाच सगळे पुळण म्हणत होते. डाव्या हाताला खाडीच्या फाट्याशी एक सखल तुकडा, तिथे उधाणाचं खारं पाणी येऊन जायचं. आणि शाळेमागे जांभ्याचा उतार, लालभडक, जागोजागी उघडा कातळ. आजवर तिन्हीकडे तीच ती झाडं लावली गेली होती. जे टेम्पोत आलं ते.

सखल तुकड्यापासून सुरुवात केली. वरून सुकून भेगाळलेली माती बघून मी, कोरडी आहे असं म्हणत, सरळ आत पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. सुजाताबाईंनी हात पुढे केला आणि मला ओढून काढलं. एक चप्पल खालीच राहिली, ती पुढे कधी मिळाली नाही. पण त्या चिखलाने मला माझं उत्तर दिलं. कडेला खाकण आणि करंज, आणि मधे काही नाही. तिवराची दोन-चार पिलं आपणहून वर आली होती. त्यांना लावावं लागत नाही, फक्त वाट मोकळी ठेवावी लागते.

जांभ्याच्या उतारावर माझी खरी चंगळ झाली. उघडा दगड, तापलेली जमीन, चार बोटं माती: हे माझं माहेर. शेजारच्या माळावर काय आपणहून उगवलंय ते बघत आम्ही तासभर फिरलो. करवंदं पिकायला लागली होती. तोरणं, आटकी ही रानफळं होती, आणि कातळाच्या फटीत मुळं घालून बसलेली अंजनी. खड्डे खोदायचे नाहीत, फटी शोधायच्या आणि त्यात बी घालायचं, असं मी सांगितलं. मुलं काय खातात तेही विचारलं. सुजाताबाईंनी करवंदं, तोरणं, आटक्या अशी यादी भरभर सांगितली, आणि मधेच थांबून म्हणाल्या की ही यादी त्यांच्या स्वतःच्या लहानपणची आहे, आताची मुलं काय खातात ते विचारावं लागेल.

त्यांची एकच मागणी होती. बौद्धवाडीतल्या मंडळींनी विहाराजवळ पिंपळाचं रोप वाढवलं होतं आणि ते शाळेच्या दाराशी लावायची सगळ्यांची इच्छा होती. मी नको म्हटलं. पिंपळाची मुळं भिंत फोडतात. शाळेच्या दाराशी तो वीस वर्षांनी तोडायची पाळी येईल. उताराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे मातीचा थर जाड आहे आणि आजूबाजूला भिंत नाही, तिथे तो दोनशे वर्षं राहील. सुजाताबाई म्हणाल्या, हे मी वाडीत समजावून सांगेन.

दुपारी त्यांच्याकडे जेवलो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकट. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या मनात सगळं ठरलं होतं. पुळणीवरची झाडं खाऱ्या वाऱ्याने गेली, तिथे आता वारा सोसणारी झाडं लावायची, काम संपलं. जेवताना मी हे सुजाताबाईंना छातीठोकपणे सांगितलंही.

पुळण

संध्याकाळी मी एकटीच पुळणीवर गेले. जुने खड्डे अजून दिसत होते, ओळीने. एकेका खड्ड्याशी वाकून बघत गेले आणि चौथ्या-पाचव्या खड्ड्याशी थांबले.

खाऱ्या वाऱ्याने मेलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. पानं करपतात, काडी मागे राहते. शेळीने खाल्लेलं झाडही बुडखा सोडून जातं. इथे काहीच नव्हतं. ना काडी, ना बुडखा, ना मुळाचा तुकडा. दक्षिणेच्या टोकाला पहिल्या वर्षीच्या गुलमोहराच्या तीन वाळक्या काड्या होत्या, माझ्या सिद्धांतात बसणाऱ्या. बाकी सगळे खड्डे साफ रिकामे.

पट्टीच्या उत्तरेला लागूनच कोळीवाड्याचं वाळवण आहे. दोऱ्या ताणलेले बांबूचे उंच मांडव, त्यांवर बोंबील लटकवलेले, आणि खाली जुन्या जाळ्यांवर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरलेला. सात-आठ बायका जवळा गोळा करत होत्या. त्यांच्यातली एक, साठी उलटलेली, बुट्टीवर हात टेकून मघापासून माझ्याकडे बघत होती. मी जवळ गेले. तिने बसायला उलटी बुट्टी दिली, कुठल्या गावची म्हणून विचारलं, माण म्हटल्यावर तिथे समुद्र नाही याची खात्री करून घेतली. नाव द्वारका चोगले. सगळ्या तिला काकी म्हणत होत्या.

मग तिने विचारलं, पुन्हा झाडं लावणार का.

मी हो म्हटलं आणि रिकाम्या खड्ड्यांकडे बोट केलं. तिने मूठभर जवळा उचलला, त्यातली वाळू फुंकली आणि शांतपणे बोलली.

"मीच उपटली ती. खोटं कशाला सांगू? पयल्या सालची आपसूक मेली. मंगची दोन्ही सालची मी उपटली. सुरूची झाडं व्हती. आमच्या तोंडासमोर लावली. ती वाढली का वारा बंद. वारा न्हाय तर बोंबील कुजणार. मंग आमी काय खावं?"

दक्षिणेकडची, शाळेसमोरची झाडं का काढली, असं मी विचारलं. तीही वाढून वारा तोडतील असं वाटलं, म्हणाली. आणि मग असंही म्हणाली, की शाळेतली पोरं बादल्या घेऊन पाणी घालायला यायची तेव्हा तिला बघवायचं नाही, तिची नातही त्यात असायची.

मी परत निघाले. तीस वर्षांत मी जागा बघताना माती बघितली, पाणी बघितलं, ऊन बघितलं. जागेशेजारी कोण राहतं आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे वहीत लिहायला मी कधी रकाना ठेवला नव्हता. आणि दुपारीच तीन भाकऱ्या खाऊन मी निकाल देऊन बसले होते.

सुजाताबाईंना सांगावं की नाही, याचा मी थोडा विचार केला. मग त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. दोन वर्षं मुलांबरोबर त्यांनीही बादल्या वाहिल्या होत्या. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, की सकाळी आपण दोघी जाऊ.

वाळवण

सकाळी बायका ओले बोंबील दोऱ्यांवर टाकत होत्या. सुजाताबाई थेट द्वारकाकाकींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्यांचे हात थांबले.

"काकी, मला एकदा सांगितलं असतंत तर?"

"तुमी इचारलंत कधी?" काकी म्हणाल्या. "टेम्पो आला, झाडं उतरली, फोटो काढलान, टेम्पो गेला. आमी इथंच व्हतो, दहा पावलांवर. एकानंही इचारलं न्हाय, की बायांनो, वारा कुठनं येतो."

त्या क्षणी मला भीती वाटली, की आता दोन्हीकडून जुनं-पुराणं काहीबाही निघेल. गावात बौद्धवाडी वरच्या अंगाला, कोळीवाडा खालच्या अंगाला, आणि मधे शाळा. पण सुजाताबाई पदर सावरून जवळ्याच्या जाळ्याशी खाली बसल्या.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. वारा कुठून येतो?"

काकींनी हातातला बोंबील खाली ठेवला, हात पुसले आणि उठल्या.

पुढचे दोन तास मी विद्यार्थिनी होते. सुकवायचे महिने दिवाळीपासून मेपर्यंत, तेव्हाचा कामाचा वारा दुपारचा, वायव्येकडून येणारा. मांडवांच्या समोर आणि उत्तरेला काहीही उंच नको. पावसाळी वादळाचा वारा मात्र नैर्ऋत्येचा, तो शाळेवर येतो आणि तेव्हा मांडव उतरवलेले असतात. म्हणजे शाळेसमोर, दक्षिणेच्या टोकाला उंच झाडं उभी राहिली तर बोंबलांचं काही बिघडत नव्हतं. हे त्यांनी मला वाळूत काडीने काढून दाखवलं. मी एवढा स्वच्छ नकाशा कुठल्या अहवालात बघितलेला नाही.

मग मी माझी बाजू मांडली. सुरूची रांग गेल्यापासून जवळ्यात वाळू येते का, असं विचारलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वाळूने हैराण होत्या. दाताखाली कचकच लागते म्हणून गिऱ्हाईक परत फिरतं. मी म्हटलं, मांडवासमोर कमरेच्या वर जाणार नाही असं काही लावलं तर? खाली मर्यादवेल, ती वाळू धरून ठेवते. तिच्यामागे निर्गुंडी, दरवर्षी छाटली तर कमरेएवढीच राहील, वारा वरून जाईल आणि वाळू खाली अडेल. शेळी दोन्हींना सहसा तोंड लावत नाही.

"छाटायची कोणी?" काकींनी विचारलं.

"तुम्ही. तुम्हाला हवी तेवढीच उंच ठेवायची."

ते त्यांना पटलं. मग काकी स्वतःच मला होड्या ओढून ठेवतात तिथे घेऊन गेल्या. तिथे एक उंडी उभी होती, दोघींच्या कवेत न येणारी. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी तिच्या बियांचं तेल काढून होडीच्या लाकडाला लावायचे. वादळात होड्या उलथल्या, उंडीची एक फांदी तेवढी गेली. झाडाखाली आपसूक उगवलेली कितीतरी रोपं होती. काकी म्हणाल्या, पाऊस लागला की माती ओली होईल, तेव्हा यातली काढून न्या, शाळेसमोर लावा. टेम्पोची गरज न्हाय.

उंडीची सावली मिळायला दहा वर्षं लागतील, हे मी तिथेच सांगितलं, खोटी आशा नको म्हणून. तोवर पारोसा भेंडी आणि पांगारा, दोन्ही फांदी रोवली की फुटतात आणि लवकर उठतात. त्यांच्या आडोशाला उंडी हळूहळू मोठी होईल.

शेवटच्या दिवशी आम्ही पुळणीवर दोरी धरली. एक टोक सुजाताबाईंच्या हातात, दुसरं काकींच्या. इथपर्यंत उंच, इथून पुढे बुटकं, असं ठरवत दोघी पट्टीभर चालल्या. दोन ठिकाणी वाद झाला आणि दोन्ही वेळा काकींनी दोरी चार पावलं शाळेकडे ओढली. सुजाताबाईंनी एकदा मान्य केलं, एकदा नाही. सरपंच मोटरसायकलवरून जाताना थांबले, दोघींना एका दोरीवर बघितलं आणि गेले.

डिसेंबर

हे लिहिण्याआधी मी पुन्हा एकदा जाऊन आले. पावसाळा कसा गेला ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे छापायला द्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

सगळं जगलं नाही. सखल तुकड्यातल्या करंजांपैकी बरेच उधाणाने गेले, मी ते तुकड्याच्या कडेपासून हातभर जास्तच खाली लावायला सांगितले होते, ती चूक माझी. नानांची खाकण मात्र टिकली. उतारावरच्या फटींमध्ये करवंदांचे कोंब होते आणि पिंपळ वरच्या कोपऱ्यात नवी पालवी धरून होता. शाळेसमोर भेंडी-पांगाऱ्याच्या फांद्या फुटून छातीपर्यंत आल्या होत्या, त्यांच्यामागे उंडीची रोपं, बरीचशी शाबूत. मांडवांसमोर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची, आणि तिच्यात वाळूचा इवलासा उंचवटा धरायला लागला होता. गाड्या लावायची जागा ग्रामपंचायतीने बंदराच्या रस्त्याला बघितली होती. सरपंचांनी ते मला असं सांगितलं, जसं काही पहिल्यापासून तसंच ठरलेलं होतं.

मी वही काढून यादीवर खुणा करत दोरीच्या रेषेने चालले. खाडीच्या फाट्याशी, जिथे पुळण संपते आणि दर पावसाळ्यात थोडी ढासळते, तिथे यादीत नसलेलं काहीतरी उभं होतं. लांब, करवती पात्यांचे पाच-सहा झुबके, जुन्या जाळ्याचं कुंपण करून. केवडा. मी तो विचारात घेतला होता आणि मुलांना काटे लागतील म्हणून सोडून दिला होता.

सुजाताबाई म्हणाल्या, तो काकींनी लावला, शाळेला विचारून. काकींना आठवत होतं, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे केवड्याचं बन होतं आणि तो काठ कधी ढासळायचा नाही. सुरूची जुनी रांग लावताना ते बन तोडलं होतं.

मी खाली बसून बघितलं. केवड्याने आधाराची मुळं चांगली खाली सोडली होती आणि त्यांच्यामध्ये वाळू घट्ट बसली होती. सगळ्या लागवडीत हेच सर्वांत जोमात होतं.

काकी वाळवणावरून हात पुसत आल्या आणि बरोबर लागलंय ना, असं विचारलं. मी वही त्यांच्यासमोर धरली, केवडा लिहिला, आणि पुढे कोणत्या अंतरावर लावायचा ते त्यांना विचारून घेतलं.